कलकत्त्याच्या चौरंगीवरील एक साथीदार

महाराष्ट्रांतून कलकत्त्यास जाणाऱ्या सुशिक्षित प्रवाशाचा कार्यक्रम बहुधा ठरलेला असतो. दक्षिणेश्वर, बेलूर मठ, कालीघाट, जोडासांकोची ठाकूरवाडी, व्हिक्टोरिया राणीचें संगमरवरी स्मारक, आणि वेळ उरलाच तर शिबपूरच्या बागेंतील तो अफाट वटवृक्ष. इतिहासाची आवड असेल तर सर्क्युलर रोडवरून जातांना तो सोबतच्या मंडळीस हेंहि सांगतो कीं, नागपूरकर भोसल्यांच्या स्वारांच्या धास्तीनें १७४२ सालीं खणलेला 'मराठा खंदक' पुढें बुजविला गेला आणि त्याच्याच रेषेवर हा रस्ता झाला. हें सर्व पाहण्याजोगें आहे यांत शंका नाहीं. परंतु आज वाचकांस ज्या स्थळीं नेण्याचा विचार आहे, तें अशा यादींत सहसा सांपडत नाहीं. तें देऊळ नव्हे, समाधि नव्हे, पदार्थसंग्रहालयहि नव्हे. तें आहे एक हॉटेल. आणि ज्या पुरुषाच्या आठवणीसाठीं तेथें जावयाचें, तो अमेरिकेंतील एक कृष्णवर्णीय पियानोवादक होता. त्याचें नांव टेडी वेदरफोर्ड.

आयुष्यभर मुलांस रघुवंश व लघुकौमुदी शिकविणाऱ्या मास्तरास ह्या विषयाशीं काय कर्तव्य, असा प्रश्न वाचकांच्या मनांत येणें साहजिक आहे. त्याचें उत्तर एवढेंच कीं, प्रस्तुत लेखकाचें लहानपण कीर्तनाच्या पेटीजवळ बसून गेलें. बुवांकडे सर्व श्रोते पाहात असत; माझें लक्ष मात्र पेटीवाल्याच्या बोटांकडे असे. बुवांनीं पट्टी चढविली कीं तोहि चढे, बुवा विसरले कीं तो त्यांना न कळतां पद सुचवी, आणि कीर्तन संपल्यावर बुवांच्या पायां पडावयास गर्दी झाली म्हणजे तो मुकाट्यानें पेटीचा भाता मिटून ठेवी. साथ करणाऱ्याचें आयुष्य कसें असतें, हें कुतूहल तेव्हांपासूनचें आहे. वेदरफोर्डची हकीकत वाचनांत आली, आणि गेल्या हिवाळ्यांत भाच्याकडे कलकत्त्यास राहण्याचा योग आला, तेव्हां हें ठिकाण पाहिल्यावांचून परतावयाचें नाहीं असें ठरविलें होतें.

चौरंगी हा कलकत्त्याचा जुना राजमार्ग. कागदोपत्रीं आतां त्याचें नांव जवाहरलाल नेहरू मार्ग असें आहे, पण लोकांच्या तोंडीं चौरंगीच. त्याच्या पश्चिमेस मैदानाची विस्तीर्ण हिरवळ आहे आणि पूर्वेस इमारतींची रांग. ह्याच रांगेंत, न्यू मार्केटच्या अलीकडे, ग्रँड हॉटेलची लांबच लांब पांढरी इमारत उभी आहे. इस्फहानहून आलेल्या अराथून स्टीफन नांवाच्या आर्मेनियन गृहस्थानें तिला हें रूप दिलें. इमारतीचा पुढील भाग खांबांवर तोललेला असून त्याखालून पदपथ जातो. त्या सांवलींत फेरीवाल्यांनीं दोहों बाजूंस बैठका मांडल्या आहेत. गंजिफ्राक, चष्मे, चामड्याचे पट्टे, मुलांचीं खेळणीं. वाट काढतां काढतां खांद्यास खांदा लागतो. ह्या गजबजाटाच्या मध्येंच हॉटेलचें प्रवेशद्वार येतें. बाहेर पांच पावलांवर बाजार, आंत एकदम शांतता. दाराशीं क्षणभर उभें राहिलें तरी हा भेद कानांस जाणवतो; आणि वेदरफोर्डच्या कथेंत हाच भेद पुढें फार कठोर रूपानें येणार आहे.

अमेरिकेच्या व्हर्जिनिया प्रांतांत पोकाहाँटस नांवाचें कोळशाच्या खाणींचें एक लहानसें गांव आहे. तेथें ११ ऑक्टोबर १९०३ रोजीं वेदरफोर्डचा जन्म झाला. योगायोग असा कीं, ज्या ताजमहाल हॉटेलांत तो पुढें वाजविणार होता, तें मुंबईंत त्याच वर्षीं १६ डिसेंबरला, म्हणजे दोनच महिन्यांनीं उघडलें. कोळशाच्या मुलुखांतील ह्या मुलाची आणि अपोलो बंदरावरील त्या घुमटाची गांठ पडेल, असें तेव्हां कोणास स्वप्नांतहि वाटलें नसतें. मुलगा बारा वर्षांचा असतां न्यू ऑर्लिन्स येथें गेला व तेथें पियानो शिकला. पुढें तो शिकागोस आला.

येथें वाचकांसाठीं जॅझ ह्या संगीताविषयीं दोन शब्द सांगणें अवश्य आहे. पुष्कळांची समजूत अशी कीं, जॅझ म्हणजे गोंगाट. वस्तुस्थिति तशी नाहीं. एक परिचित चाल घ्यावयाची. ती बहुधा बत्तीस मापांची असते व प्रत्येक मापांत चार मात्रा असतात. हें झालें एक आवर्तन. तें संपलें कीं पुन्हां पहिल्यापासून सुरू. ह्या आवर्तनाच्या पोटांत कोणता स्वरसमूह कोठें यावयाचा हें ठरलेलें असतें, पण त्यावर वादकानें कोणती स्वरपंक्ति रचावयाची हें त्यानें त्या क्षणीं ठरवावयाचें. आपल्या गवयानें ठेका सांभाळून तानेनें समेवर यावें, तसाच हा प्रकार. पियानोवाल्याचें काम ह्यांत दुहेरी असतें. त्याचा डावा हात खर्जांतला एक स्वर व मधल्या सप्तकांतला स्वरसमूह असा आळीपाळीनें टाकीत चालतो. तोच जणूं डग्गा व तोच तंबोरा. उजवा हात तेवढ्यांत चालीशीं खेळतो. आणि एखादी गायिका गावयास उभी राहिली म्हणजे उजव्या हातानें आपला खेळ आवरावयाचा, तिच्या पट्टींत चाल फिरवून घ्यावयाची, तिचा श्वास कोठें तुटतो हें ओळखून तेवढीच जागा भरावयाची, आणि ती पुन्हां गाऊं लागतांच बाजूस व्हावयाचें. ज्यास एकट्यानें सभा जिंकतां येते, त्यानेंच दुसऱ्यासाठीं बाजूस व्हावें, हें ह्या कलेंतील अवघड कर्म आहे.

शिकागोंतील वेदरफोर्डची एक मोठी चाकरी साथीचीच होती. शिकागोंतील व्हेन्डोम नांवाच्या चित्रगृहांत अर्स्किन टेट याचा वादकवृंद होता. चित्रपट त्या काळीं मुके असत. आपल्याकडे दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ सालीं पडद्यावर आला, तोहि मुकाच होता. पडद्यावरील मनुष्य हंसतो, रडतो, घोडा फेकतो, आणि पडद्याखालीं अंधारांत बसलेले वादक त्यास स्वर देतात. ह्या अंधारांतल्या मंडळींत लुई आर्मस्ट्राँग हाहि काही काळ होता. मे १९२६ मध्यें ह्या वृंदानें दोन गतींचें ध्वनिमुद्रण केलें, त्यांत आर्मस्ट्राँगचा तुतारीसारखा कणखर ट्रंपेट आहे व वेदरफोर्डचा पियानोहि आहे. वेदरफोर्ड तेव्हां बावीस वर्षांचा होता. शिकागोंतल्या तरुण पियानोवादकांत त्याचा दबदबा होता. अर्ल हाइन्स, जो पुढें जॅझ-पियानोचा एक आद्य आचार्य मानला गेला, तो ह्याच काळांत शिकागोंत होता.

येथें दोन वाटा फुटतात. हाइन्स अमेरिकेंत राहिला. त्याच्या ध्वनिमुद्रिका निघत गेल्या, आणि त्याचें नांव जॅझच्या प्रत्येक इतिहासांत आलें. वेदरफोर्ड १९२६ सालींच जॅक कार्टर याच्या वृंदाबरोबर जहाजावर चढला व आशियाकडे निघाला. आर्मस्ट्राँगच्या शेजारीं बसून वाजविणाऱ्यानें कीर्तीच्या उंबरठ्यावरून मागें फिरावें, हें प्रथमदर्शनीं अविचाराचें वाटतें. पण त्या काळच्या अमेरिकेंत कृष्णवर्णीयांची स्थिति काय होती हें आठवावें. दक्षिणेकडील प्रांतांत आगगाडीचा डबा वेगळा, शाळा वेगळी, पाण्याचा नळसुद्धां वेगळा, आणि हें सर्व कायद्यानें. उत्तरेकडे कायदा नसला तरी रूढि होती. ज्या मेजवानीखान्यांत कृष्णवर्णीय वाजवी, त्यांत त्यास पाहुणा म्हणून बसतां येईलच असें नसे. अस्पृश्यतेचा अनुभव ज्या समाजानें दुसऱ्यांस दिला आहे, त्या समाजांतील आपणां वाचकांस ह्याचें वर्णन अधिक विस्तारानें करून सांगण्याची गरज नसावी. जहाज पकडणाऱ्या त्या तरुणास कीर्तीपेक्षां समोरच्या दारानें आंत जाण्याची अधिक ओढ वाटली असेल, तर त्यास अविचारी कोणत्या तोंडानें म्हणावें?

कार्टरच्या वृंदांत व्हॅलेडा स्नो नांवाची एक गायिका होती. ती गातहि असे व ट्रंपेटहि वाजवीत असे. शांघाय, सिंगापूर, बटाव्हिया, कलकत्ता असा ह्या मंडळीचा फेरा झाला. आपल्या नाटक मंडळ्या ज्याप्रमाणें सोलापूर, हुबळी, इंदूर अशा मुक्कामांवर पडदे व पेटारे घेऊन हिंडत, त्याचप्रमाणें हें चाललेलें होतें. अंतर तेवढें हजारों मैलांचें. वेदरफोर्डनें शांघायला मुक्काम केला. तें बंदर तेव्हां अर्धें परकीयांच्या हातांत होतें, आणि रात्रभर चालणाऱ्या नृत्यगृहांविषयीं जगभर प्रसिद्ध होतें. लँग्स्टन ह्यूज हा कृष्णवर्णीय अमेरिकन कवि १९३३ सालीं तेथें गेला असतां त्याची व वेदरफोर्डची भेट झाली. एका रात्रींत एका नृत्यगृहांतून दुसऱ्यांत असा हा पियानोवाला फिरत असे, असें त्यानें आत्मवृत्तांत लिहून ठेवलें आहे. १९३४ सालीं वेदरफोर्ड अमेरिकेस गेला, तो तेथें राहण्यासाठीं नव्हे. बक क्लेटन ह्या तरुण ट्रंपेटवादकास त्याच्या वृंदासह शांघायच्या कॅनिड्रोम नृत्यगृहांत आणण्यासाठीं. क्लेटन परत जाऊन काउंट बेसीच्या वृंदांत नांवारूपास आला. वेदरफोर्ड पूर्वेकडेच राहिला.

ह्यानंतर तो आपल्या मुंबईंत आला. १९३५ सालीं लिऑन अ‍ॅबी याचा कृष्णवर्णीय वृंद ताजमहाल हॉटेलांत वाजवून गेला होता. त्याच्या मागून क्रिकेट स्मिथ नांवाच्या वयोवृद्ध ट्रंपेटवादकाचा वृंद आला व त्यांतच वेदरफोर्ड होता. पुढें वृंदाचें नेतृत्व त्याच्याकडे आलें. ह्या क्रिकेट स्मिथनें १९३६ सालीं मुंबईंत 'ताजमहाल' नांवाची एक नृत्यगत ध्वनिमुद्रित केली. ती रचणारा मेना सायलस हा मुंबईंतील बगदादी ज्यू होता. अमेरिकन वादक, ज्यू रचनाकार, पारशांचें हॉटेल आणि मोंगल बादशहाच्या कबरीचें नांव! मुंबई म्हणजे काय, हें एका तबकडीवर ह्याहून थोडक्यांत सांगतां येणार नाहीं.

मुंबईच्या ह्या पर्वांतील खरी महत्त्वाची गोष्ट मात्र निराळी आहे. पाहुण्या वृंदांस सर्व वादक अमेरिकेहून आणणें परवडण्यासारखें नव्हतें. मुंबईंत तयार वादक मिळत, आणि ते बहुतेक गोमंतकीय असत. पोर्तुगीज अमदानींत गोव्याच्या गांवोगांवच्या चर्चशाळांतून मुलांस स्वरलेखन वाचावयास व व्हायोलिन वाजवावयास शिकवीत. त्यामुळें साष्टी-बारदेशांतला मुलगा पोटासाठीं मुंबईस आला कीं कागदावरची कोणतीहि गत पाहतांक्षणीं वाजवूं शके. पण कागदावर जें नाहीं, तें त्यास येत नसे. मात्रेच्या किंचित् मागें राहून चाल झुलवावी कशी, दुसऱ्यानें टाकलेलें वाक्य उचलून आपण तें पुरें करावें कसें, हें लेखनांत येत नाहीं. तें शेजारीं बसूनच शिकावें लागतें. आपल्याकडे गुरुगृहीं राहण्याचें जें कारण, तेंच हें. ताजमधील त्या कृष्णवर्णीय वादकांच्या शेजारीं बसून, किंवा दाराआडून ऐकून, मुंबईची एक सबंध पिढी तयार झाली. कराचीहून आलेला गोमंतकीय मिकी कोरिया यानें १९३९ पासून सुमारें वीस वर्षें ताजमधील वृंद चालविला, तो ह्याच पिढीचा.

मध्यंतरीं १९३७ सालीं वेदरफोर्ड पॅरिसला गेला व तेथें त्यानें केवळ पियानोच्या काहीं ध्वनिमुद्रिका केल्या. त्यांत साथ नाहीं, वृंद नाहीं. एकटा मनुष्य व त्याचे दोन हात. जाणकार त्यांस मोल देतात. युरोपांत राहिला असता तर कदाचित् त्याचें भाग्य उजळतें; परंतु तो पुन्हां पूर्वेस वळला. कोलंबोच्या समुद्रकांठच्या हॉटेलांत वाजवून, महायुद्धाचा वणवा पेटलेला असतां, तो कलकत्त्यास आला आणि चौरंगीवरील ह्या ग्रँड हॉटेलांत स्थिरावला.

हें हॉटेल तेव्हां नुकतेंच पुन्हां उघडलें होतें. रोगाच्या भयानें तें १९३७ सालीं बंद पडलें होतें. मोहनसिंग ओबेरॉय यांनीं १९३८ सालीं भाडेपट्ट्यानें घेऊन तें चालू केलें, व १९४३ सालीं विकत घेतलें. ब्रह्मदेश जपान्यांच्या हातीं गेल्यावर कलकत्ता हें आघाडीमागचें मुख्य शहर झालें आणि ब्रिटिश व अमेरिकन सैनिकांनीं भरून गेलें. वेदरफोर्डच्या वृंदांत ह्या काळीं नाना देशींचे वादक होते. रंगूनचा गिटारवादक सेड्रिक वेस्ट हा त्यांपैकीं एक. १९४१ ते १९४४ पर्यंत कोलंबिया कंपनीनें कलकत्त्यांत ह्या वृंदाचें ध्वनिमुद्रण केलें. काहीं गाणीं वेदरफोर्डनें स्वतःच गायिलीं आहेत. म्हणजे गायकहि तोच व साथीदारहि तोच. आयुष्यभर इतरांचा श्वास सांभाळणाऱ्याचा स्वतःचा आवाज असा कलकत्त्यांत येऊन उमटला.

परंतु ज्या भेदापासून तो देशोदेशीं फिरला, तो भेदहि युद्धाच्या जहाजांतून त्याच्या मागोमाग कलकत्त्यास आला. अमेरिकन सैन्यांत तेव्हां गोऱ्या व काळ्या सैनिकांच्या पलटणी वेगळ्या असत, त्यांच्या करमणुकीच्या जागाहि वेगळ्या. ही व्यवस्था मोडण्याचा हुकूम राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनीं काढला तो जुलै १९४८ मध्यें; तोंपर्यंत वेदरफोर्ड जगांत राहिला नव्हता.

आणि दुसरी गोष्ट ह्याहूनहि दारुण आहे. १९४३ सालीं बंगालांत दुष्काळ पडला. पंधरा लाखांपासून तीस लाखांपर्यंत माणसें त्यांत मेलीं, असे निरनिराळे अंदाज आहेत. खेड्यांतून अन्न शोधीत आलेलीं कुटुंबें कलकत्त्याच्या पदपथांवर येऊन पडलीं. 'फॅन दाओ', म्हणजे 'भाताची पेज वाढा हो', ही त्यांची हांक जुन्या कलकत्तेकरांच्या कानांतून मरेपर्यंत गेली नाहीं. 'स्टेट्समन' पत्रानें २२ ऑगस्ट १९४३ रोजीं रस्त्यावरील प्रेतांचीं छायाचित्रें छापलीं, तेव्हां जगास ह्या अनर्थाची कल्पना आली. त्या पत्राची कचेरी चौरंगीच्याच टोकाशीं आहे. वर हॉटेलांत नृत्य चालू होतें, खालीं शहर उपाशी मरत होतें. आज तेथील खांबांच्या सांवलींत खेळणीं विकणाऱ्या बाईकडून भाच्याच्या मुलासाठीं एक पत्र्याची मोटार घेतली, तेव्हां पायांखालच्या फरशीकडे पाहण्याचा धीर झाला नाहीं.

ह्या दोषाचा भार पियानोवाल्यावर किती ठेवावा? त्याच्या हातीं शहराची धान्यकोठारें नव्हतीं. तो चाकरमान्या कलावंत होता; रात्रीं ठरल्या वेळीं वाजवावयास बसणें एवढेंच त्याचें चाललेलें होतें. पण त्यास निर्दोष ठरवून मोकळें होण्याचीहि इच्छा होत नाहीं. कलावंत कोणासाठीं वाजवितो हें बहुधा दुसराच कोणी ठरवितो, आणि संगीताचा इतिहास लिहितांना दाराबाहेरच्या माणसांची मोजदाद सुटून जाते. प्रवाशानें त्या जागीं गेल्यावर दोन्ही गोष्टी एकत्र आठवाव्यात, इतकेंच म्हणणें आहे.

ज्या शहरांत तो इतक्या दूरवरून आला, तेथेंच त्याचा अंत झाला. २५ एप्रिल १९४५ रोजीं पटकीनें त्याचा मृत्यु झाला. वय अवघें एकेचाळीस. ज्या पटकीनें तो गेला, तिच्या जंतूची ओळख रॉबर्ट कॉख यानें १८८४ सालीं ह्याच कलकत्त्यांत पटविली होती, आणि हाफकिन यानें १८९४ सालीं तिच्या लशीचे प्रयोग येथल्याच वस्त्यांत केले होते. त्या जंतूच्या विषाचा शोध शंभुनाथ डे ह्या बंगाली शास्त्रज्ञानें १९५९ सालीं ह्याच शहरांत लावला. पुढें १९७१ सालीं, बांगला देशांतून निर्वासितांचे लोंढे आले असतां, डॉक्टर दिलीप महालनबीस यांनीं बनगांवच्या छावणींत मीठ व साखर घातलेलें पाणी पाजून हजारों रोगी वांचविले. चिमूटभर मीठ, मूठभर साखर व स्वच्छ पाणी! एवढ्या उपायाचें ज्ञान सव्वीस वर्षें आधीं झालें असतें, तर दुष्काळानंतरच्या रोगराईंत गेलेल्या असंख्य अनामिकांबरोबर हा पियानोवालाहि कदाचित् वांचता.

'साथ' हा शब्द मराठींत मोठा विलक्षण आहे. गवयाची संगत तीहि साथ, आणि गांवांत पसरणारा रोग तीहि साथच. दोहोंच्या मुळाशीं संस्कृतांतील 'सार्थ' हा शब्द आहे. सार्थ म्हणजे वाटसरूंचा तांडा. एकट्यानें अरण्य ओलांडणें धोक्याचें, म्हणून परस्परांच्या सोबतीनें निघालेले लोक. वेदरफोर्डच्या चरित्रांत ह्या तिन्ही अर्थांचा मेळ पडला आहे. तांड्याबरोबर तो निघाला, साथ करून जगला, आणि साथीच्या रोगानें गेला.

मग त्याचें मागें राहिलें काय? त्यानें शाळा काढली नाहीं, ग्रंथ लिहिला नाहीं, आणि अमेरिकेंतील इतिहासकारांनीं बराच काळ त्यास दोन ओळींवर भागविलें. पण साथीदाराचा ठेवा शोधावयाचा तर तो दुसऱ्याच्या हातांत शोधावा लागतो. युद्ध संपलें, इंग्रज गेले, मोठ्या हॉटेलांतील नृत्याचे दिवस ओसरले, तेव्हां मुंबईच्या जॅझ-वादकांस पोटासाठीं दुसरें दार ठोठवावें लागलें. तें दार बोलपटाचें होतें. पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर, ज्यांस जग सी. रामचंद्र म्हणून ओळखतें, त्यांनीं आपल्या वृंदांत गोमंतकीय वादकांस मानाचें स्थान दिलें. चिक चॉकलेट ह्या नांवानें वाजविणारा आंतोनियो झेवियर व्हाज हा त्यांपैकीं एक. भारतांतील लुई आर्मस्ट्राँग अशी त्याची ख्याति होती. १९५१ सालच्या 'अलबेला' चित्रपटांतील 'शोला जो भडके' ह्या गाण्यांत त्याचा वृंद आहे. त्याच पिढींतल्या फ्रँक फर्नांड यानें चित्रपटसंगीतांत दीर्घकाळ काम करून पुढें कोंकणी चित्रपटहि काढले.

ह्यास सरळ गुरुशिष्यपरंपरा म्हणतां येणार नाहीं. चिक चॉकलेट वेदरफोर्डचा गंडाबंध शिष्य नव्हता. तरीहि शिकागोच्या अंधाऱ्या चित्रगृहांत जो झुलता ठेका आर्मस्ट्राँग व वेदरफोर्ड एकत्र वाजवीत होते, तो पंचवीस वर्षांनीं रेडिओवरून सदाशिव पेठेंतल्या व ठाकुरद्वारच्या स्वयंपाकघरांत पोंचला. पोळ्या लाटतां लाटतां त्या गाण्यावर बोटांनीं ताल धरणाऱ्या आमच्या मातोश्रींस शिकागोचें नांवहि ठाऊक नव्हतें. तो ठेका शांघाय, कोलंबो, मुंबई व कलकत्ता अशा मुक्कामांवर ज्या कोणी वाहून आणला, त्यांत एक मोठा वांटा ह्या स्थूल देहाच्या, घर नसलेल्या पियानोवाल्याचा आहे.

कलकत्त्यांतहि ही परंपरा अगदींच खुंटली नाहीं. चौरंगीवरून दक्षिणेस थोडें चाललें कीं डाव्या हातास पार्क स्ट्रीट लागतो. तेथील ब्लू फॉक्स उपाहारगृहांत पुढील काळांत पॅम क्रेन ही गायिका गात असे, आणि दार्जिलिंग येथें १९४१ सालीं जन्मलेला नेपाळी कुळांतील लुई बँक्स पियानोवर तिची साथ करीत असे. त्याच्या ट्रंपेटवादक पित्यानें त्याचें हें नांव आर्मस्ट्राँगवरूनच ठेवलेलें. सोबत गोमंतकीय सॅक्सोफोनवादक ब्राझ गोन्साल्विस. राहुलदेव बर्मन यांनीं बँक्सला तेथेंच ऐकलें, व १९७७ सालच्या 'मुक्ति' चित्रपटाच्या संगीतासाठीं मुंबईस आणलें. एक पियानोवाला मुंबईहून कलकत्त्यास गेला होता. दुसरा कलकत्त्याहून मुंबईस आला.

वाचकांपैकीं कोणी कलकत्त्यास गेल्यास दक्षिणेश्वर व बेलूर अवश्य करावें, आणि एक संध्याकाळ चौरंगीसाठीं राखून ठेवावी. हॉटेलांत शिरण्याची, तेथें पैसे खर्च करण्याची काहीं गरज नाहीं. घरीं बसल्याहि एक गोष्ट करतां येते. १९२६ सालची 'स्टॅटिक स्ट्रट' ही गत आज भ्रमणध्वनीवर कोणासहि ऐकतां येते. ती तीन मिनिटांचीहि नाहीं. पहिल्यानें आर्मस्ट्राँगचा ट्रंपेट ऐकावा. तो आपण होऊनच कान धरतो. मग दुसऱ्यानें ती लावावी व त्या वेळीं ट्रंपेटकडे दुर्लक्ष करून केवळ पियानोच्या मागें जावें. मध्यंतरीं क्षणभर सर्व वाद्यें बाजूस होतात आणि बावीस वर्षांचा वेदरफोर्ड एकटा धांवूं लागतो, डावा हात अचल ठेक्यांत व उजवा हात पाखरासारखा मोकळा. तेवढ्या काही सेकंदांत त्यास कोणाचीहि साथ करावयाची नसते. मग इतर वाद्यें परत येतात, आणि तो पुन्हां त्यांच्या खालीं जाऊन बसतो.